फरारी माणसाची बायको

आत्या जीपमध्ये आधीच जाऊन बसल्या होत्या आणि काही केल्या उतरायला तयार नव्हत्या.

"उतरा आत्या. दिवस जाईल तिथं. ऊन किती आहे बघा," मी म्हटलं.

"ऊन काय मला नवीन हाय?"

"अहो पण तिथं तुमचं काही काम नाही."

"माझ्या पोराची केस, आन् माझं काम न्हाई?" त्यांनी पदर खोचला आणि पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "तू सून हायेस. आई मी हाय. हॉलंडच्या जज्जाला आधी आई दिसली पायजे."

ड्रायव्हर गालात हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं फडकं काढून काच पुसायला घेतली. मी काही गरीब गाय नव्हते. गावात माझ्या तोंडाला लागायचं म्हणजे लोक आधी दोनदा विचार करायचे. पण सासूला हाताला धरून गाडीतून खाली ओढायचं, तेही अख्खी आळी बघत असताना, हे आमच्याकडे होत नाही. मी शेजारी बसले आणि जीप पुण्याच्या रस्त्याला लागली.

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. हौसाबाई लोणकर त्यांचं नाव. नवनाथ त्यांचा एकुलता एक, आणि माझा नवरा. त्या वेळी त्याला जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. 'जाऊन' असं मी मनातल्या मनात म्हणायचे. आत्या म्हणायच्या, हरवलाय. पोलिसांच्या कागदावर तो फरारी होता.

आमच्या निंबोडीच्या माळावर औषधांचं केमिकल बनवणारी कंपनी आली, तेव्हा गावानं तिच्या स्वागताला कमानी उभारल्या होत्या. मूळ कंपनी हॉलंडची. गावातली आणि परगावची पोरं ठेकेदारामार्फत आत कामाला. नवनाथ तिसऱ्या प्लांटवर हेल्पर होता. एका दुपारी तिथं गॅस सुटला आणि पाठोपाठ स्फोट झाला. आत किती माणसं होती, हे आजपर्यंत कुणी धड सांगितलेलं नाही. गेटवरचं हजेरीचं रजिस्टर म्हणे आग विझवताना भिजलं. ओडिशाची जी पोरं वाचली होती, त्यांना ठेकेदारानं आठवड्याच्या आत रेल्वेत बसवून दिलं. चार घरांना प्रेतं मिळाली. बाकीच्यांचं जे हाती लागलं ते घाईघाईत उचललं, प्लांट जेसीबीनं सपाट केला आणि वर सिमेंटचा कोबा ओतला. आम्ही बायका ओरडत होतो, थांबा, अजून बघायचंय, अजून माणसं मिळायचीत. पोलिसांनी आम्हालाच दोरीच्या पलीकडे ढकललं.

मग चौकशी समिती नेमली. तिच्या साहेबांची बदली झाली. दुसरे साहेब आले, ते दीर्घ रजेवर गेले. तिसऱ्यांनी अहवाल लिहिला असं ऐकलं. तो वर गेला, आणि वर गेलेली वस्तू आमच्या तालुक्यात कधी खाली येत नाही. एवढं मात्र झालं, की पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो नवनाथवर. हेल्परनं निष्काळजीपणे व्हॉल्व्ह उघडला आणि भीतीनं पळून गेला. प्रेत मिळालं नाही, मग पळालाच असणार! कुणावर तरी ढकलायचं होतं, आणि हा बोलायला नव्हता. हळूहळू गावालाही ते खरं वाटायला लागलं. ज्यांची पोरं त्या स्फोटात गेली होती, त्या बायका मला पाणवठ्यावर बघून तोंड फिरवायच्या. तुझ्या नवऱ्यामुळं झालं, असं एकीनं तोंडावर म्हटलं. तिला काय बोलणार? तिचा पोरगा एकोणीस वर्षांचा होता.

दर दोन-तीन महिन्यांनी शिंगाडे हवालदार वॉरंट घेऊन घरी यायचा.

"आला का नवनाथ?"

"न्हाई बा अजून. बसा, च्या घ्या," आत्या लगबगीनं म्हणायच्या. चहात दूध जास्त घालायच्या. "तुम्हीच काय ते शोधताय माझ्या लेकराला. बाकी समद्यांनी मारूनच टाकलाय त्याला. सोलापूरकडं बघितलं का? ल्हानपणी एकदा रुसून मामाकडं पळाला व्हता."

शिंगाडे मान खाली घालून चहा प्यायचा. आत्या त्याची वाट बघायच्या. तो उशिरा आला तर मला विचारायच्या, हवालदार का आला न्हाई गं या टायमाला? मी परसात जाऊन कपडे आपटायचे. एका साडीचा काठ त्या आपटण्यात फाटून गेला.

नवनाथ नाही, हे मला माहीत होतं. ते कसं माहीत होतं, हे मी दोनच ठिकाणी सांगितलं होतं. पोलिसांनी ते लिहून घेतलं नाही, वर तपासाला म्हणून माझा मोबाईल नेला, तो गहाळ झाला. दुसऱ्या हेमांगीताई. त्या पुण्याच्या वकील. त्यांनी मात्र शब्द न् शब्द लिहून घेतला, पण इंग्रजीत. आत्यांना इंग्रजी येत नव्हतं, एवढंच माझं नशीब.

हेमांगीताईच एकदा म्हणाल्या होत्या, "इथं दार उघडत नाही ना सारिका? मग मालकाच्या घरी जाऊन कडी वाजवू." हॉलंडच्या एका वकिलाला गाठून त्यांनी तिथल्या कोर्टात मूळ कंपनीवर दावा लावला. आम्ही अकरा घरं त्यात होतो. कंपनीचं म्हणणं एकच. आमचा दोष नाही, एका कामगाराची चूक, आणि तो कामगार पळून गेलाय. आता सगळं तिथं येऊन अडलं होतं. नवनाथ शेवटपर्यंत आत होता हे कोर्टाला पटलं, तर कंपनीची गोष्ट ढासळत होती. नाही पटलं, तर अकरा घरं रिकाम्या हातानं परत, आणि नवनाथ कायमचा फरारी. ते पटवायचं काम माझ्या जबाबावर होतं. हॉलंडला जायची गरज नव्हती. पुण्यात हेमांगीताईंच्या ऑफिसात बसून टीव्हीवरून बोलायचं होतं.

आत्यांना बघून हेमांगीताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"यांना का आणलंस?"

"मी आणलं? त्याच आल्या."

"बरं. बाहेरच्या खोलीत बसवते. वडापाव मागवते. दार लावून घेऊ."

आत मोठा टीव्ही होता. त्यावर तीन चौकटी दिसत होत्या. एकीत जज्जबाई, पांढऱ्या आखूड केसांच्या, शाळेच्या मोठ्या बाईंसारख्या. दुसरीत कंपनीचा वकील, चष्मा लावलेला तरणा गोरा माणूस. तिसरीत दुभाषी बाई, केतकी नाव त्यांचं. लग्न होऊन वीस वर्षं तिकडं, पण मराठी कशी स्वच्छ! ती दोघं त्यांच्या भाषेत बोलायची, केतकीबाई मला मराठीत सांगायच्या, माझं ऐकून त्यांना त्यांच्या भाषेत.

मी शपथ घेतली. नाव, गाव, शिक्षण बारावी, लग्न कधी झालं, नवनाथ कोणत्या पाळीला जायचा. जज्जबाई सावकाश विचारत होत्या. माझा आवाज स्थिर राहिला. मला वाटलं, जमतंय.

तेवढ्यात दार उघडलं.

"ही आपल्यातली बोलतीय का?" आत्या टीव्हीकडे बघत आत आल्या. बंद दारातून त्यांना मराठी ऐकू आलं होतं. "कुठली गं बाई तू?"

"मिरजेची, आजी," केतकीबाई बोलून गेल्या आणि जीभ चावली.

जज्जबाईंनी काहीतरी विचारलं. केतकीबाई म्हणाल्या, "न्यायाधीश विचारतायत, या कोण?"

"नवनाथच्या आई," हेमांगीताई म्हणाल्या.

टीव्हीवर थोडं बोलणं झालं. मग केतकीबाई माझ्याकडे वळल्या. "त्या बसू शकतात, फक्त मध्ये बोलायचं नाही. पण जबाब तुमचा आहे, सारिकाताई. तुमची हरकत असेल तर त्यांना बाहेर बसावं लागेल. तुमची हरकत आहे का?"

आत्या माझ्याकडे बघत होत्या. नुसतं हो म्हणायचं होतं. पण परक्या माणसांसमोर, सासूच्या तोंडावर, यांना बाहेर काढा, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? हेमांगीताई डोळ्यांनी मला खुणावत होत्या, म्हण, म्हण.

"असू द्या," मी म्हटलं.

आत्या माझ्या मागच्या खुर्चीत बसल्या.

आता कंपनीच्या वकिलाची पाळी आली. तो आवाज न चढवता बोलायचा. केतकीबाई त्याचं बोलणं सांगायला लागल्या.

"तुमच्या लेखी जबाबात तुम्ही म्हणता की स्फोटाच्या थोडं आधी तुम्हाला पतीचा फोन आला."

मागे खुर्ची करकरली. "फोन? कसला फोन?" आत्या पुटपुटल्या. हेमांगीताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो," मी म्हटलं.

"फोन आल्याची नोंद आम्हाला मान्य आहे. पण कंपनी आणि हायवेवरचा एसटी थांबा एकाच टॉवरखाली येतात. म्हणजे फोन थांब्यावरूनही केलेला असू शकतो. ते प्लांटच्या आत होते, असं फक्त तुम्ही म्हणता. बरोबर?"

"मी ऐकलंय ते."

"आणि त्या दिवसापासून तुमची खात्री आहे की ते वाचले नाहीत."

माझी पाठ आत्यांकडे होती. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं आणि मागे वळायची माझी छाती नव्हती.

"उत्तर द्यावं लागेल," केतकीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"हो. खात्री आहे."



मग टीव्हीवर एक फोटो आला. वडाचं झाड. हिरवी साडी, हिरवा चुडा, नाकात नथ, हातात दोऱ्याचं रीळ. ती मी होते. स्फोटानंतरच्या ज्येष्ठातला फोटो, पेपरात छापून आलेला. वर मोठ्या अक्षरात, फरारी कामगाराच्या पत्नीची वटपौर्णिमा. खाली आत्यांचं बोलणं, माझा पोरगा जिवंत आहे, सुनेलाही खात्री आहे.

"हे व्रत पतीला दीर्घायुष्य मिळावं म्हणून करतात, अशी आमची माहिती आहे. विधवा स्त्रिया ते करत नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"हे मंगळसूत्र, या बांगड्या. आजही तुमच्या अंगावर आहेत."

"आहेत."

"मला माफ करा, पण विचारणं माझं काम आहे. ज्याचा मृत्यू झाल्याची तुम्हाला खात्री आहे, त्याच्या दीर्घायुष्यासाठी तुम्ही वडाला दोरा का बांधला? एक तर तुम्ही सांगता ती फोनची हकीकत खरी नाही, नाहीतर ही पूजा खरी नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हॉलंडच्या माणसाला वड काय कळतो? आमच्यातल्याच कुणीतरी त्याला हे पढवलं होतं. त्या वटपौर्णिमेला मी नको नको म्हणत असताना आत्यांनी मला नटवून नेलं होतं. झाडाभोवतीच्या बायका मला बघून बाजूला झाल्या. एकीनं आपलं ताट उचलून घेतलं. सात फेरे मी एकटीनं मारले. मारताना काय म्हणत होते, ते वडालाच माहीत. आणि आत्या पेपरवाल्या पोराला कौतुकानं सांगत होत्या, नीट काढ रं फोटू, माझी सून हाय.

"आत्यांनी नेलं म्हणून गेले," मी म्हटलं.

"आत्या म्हणजे?"

"सासूबाई. त्यांना वाटतं तो जिवंत आहे."

वकील थांबला. मग त्यानं विचारलं, आणि केतकीबाईंनी ते मला सांगायच्या आधी एक श्वास घेतला. "मग तुम्ही त्यांना फोनबद्दल का सांगितलं नाही? तुम्हाला खरोखर तसा फोन आला असता, तर एखाद्या आईपासून तुम्ही ती गोष्ट इतकी वर्षं लपवली असती का?"

हेमांगीताईंनी खाली बघितलं. याचं उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. फोनमधलं शेवटचं वाक्य मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. कागदावर आलं असतं तर कधी ना कधी कुणीतरी ते आत्यांना वाचून दाखवलं असतं.

मला गप्प बसता आलं असतं. आठवत नाही म्हणता आलं असतं. समोर तो फोटो तसाच होता, आणि त्याच्यावर तो शब्द. फरारी.

"त्यानंच सांगू नको म्हटलं होतं," मी म्हटलं.

"कुणी?"

"नवनाथनं. फोनवर."

"कृपया पूर्ण सांगा."

मग मी सांगितलं. कुणाकडे न बघता, टेबलाकडे बघून सांगितलं. "मी गहू निवडत होते. फोन आला. म्हणाला, सारिका, गॅस सुटलाय. पुढून जाता येत नाही आणि मागचं दार बाहेरनं बंद आहे. मागं कुणीतरी लोखंडानं दार ठोकत होतं, पोरं ओरडत होती, हिंदीत, कुठल्या कुठल्या भाषेत. मी म्हटलं, खिडकी फोडा. तर म्हणाला, खिडकी कुठंय इथं? त्याला खोकला आवरत नव्हता. मी ओरडत होते, रडत होते. तो म्हणाला, गप, ऐक. आईला सांगू नको. मी म्हटलं, काय सांगू नको? म्हणाला, हे असं. ती जगायची नाही. कुठंतरी गेलाय म्हण. मग तो बोलला नाही. फोन चालू होता. ठोकायचा आवाज कमी कमी होत गेला. मग स्फोट झाला. आधी फोनमध्ये ऐकू आला आणि मग आमच्या पत्र्यावर."

केतकीबाई माझं बोलणं त्यांच्या भाषेत सांगायला लागल्या. थोडं सांगून त्यांनी चष्मा काढला. जज्जबाई नुसत्या थांबल्या. केतकीबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी राहिलेलं पूर्ण केलं.

"कंचं दार?"

मागून आवाज आला. मी वळले. आत्या ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर.

"मागचं दार म्हंजे? हौदाजवळचं? निळं?"

"हो आत्या."

"त्याला तर कुलूप असायचं."

कंपनीचा वकील काहीतरी म्हणाला. आत्यांचं लक्ष नव्हतं. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत होत्या. "डबल पाळी असली की मी त्याच दारातनं भाकरी द्यायची त्याला. दिवाळीनंतर कुलूप घातलं. मी भांडले की ठेकेदाराशी. म्हणलं, ढोरं हायेत का, कोंडून घालायला? तर म्हणला, म्हातारे, पोरं तंबाखू खायाला भाईर पळत्यात. मी हातानं हलवून बघितलं व्हतं ते कुलूप. ह्ये एवढं."

त्यांनी मूठ दाखवली. जज्जबाईंनी वकिलाला हातानं थांबवलं आणि त्या केतकीबाईंशी बोलल्या.

"आजी, न्यायाधीश विचारतायत, तुम्हाला शपथ घेऊन हे सांगायचं आहे का? जबरदस्ती नाही."

आत्या उठल्या. मी माझी खुर्ची दिली आणि बाजूला उभी राहिले. त्यांनी खंडोबाची आण घेतली, मग केतकीबाईंनी सांगितलेले शब्दही म्हटले. कुलपाचं सगळं परत सांगितलं. ठेकेदार काय म्हणाला, कुलूप कुठल्या बाजूला होतं, शेवटचं कधी बघितलं. न अडखळता सांगितलं.

मग जज्जबाईंनी विचारलं, "पेपरात तुम्ही म्हणालात की तुमचा मुलगा जिवंत आहे. आज तुमचं काय म्हणणं आहे?"

आत्या माझ्याकडे वळल्या.

"पाणी मागितलं का गं त्यानं?"

"नाही आत्या."

"खोटं बोलू नको. आता काय राह्यलंय."

"खरंच नाही मागितलं."

केतकीबाई हेही भाषांतर करत होत्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

आत्या परत टीव्हीकडे वळल्या. "जज्जीणबाई, पेपरातलं ते खोडा. मला म्हाईत नव्हतं तवा मी बोलले. त्या दाराला कुलूप व्हतं. आत व्हता, तर माझा पोरगा न्हाई निघाला."

जज्जबाई काहीतरी म्हणाल्या. केतकीबाईंना ते सांगवत नव्हतं. "आजी, त्यांना स्पष्ट शब्दांत पाहिजे. नोंद करायची असते."

"मेला," आत्या म्हणाल्या. "लिहा. नवनाथ महादू लोणकर. तिथंच मेला."

कंपनीच्या वकिलाला विचारलं, अजून काही प्रश्न? त्यानं नाही म्हणून मान हलवली. तो चष्मा काढून डोळ्यांवर हात धरून बसला होता. तोही कुणाचा तरी पोरगाच होता, पण त्या वेळी मला त्याची दया आली नाही.

निकाल पुढच्या वर्षी आला. नवनाथ आत होता, दार बाहेरून बंद होतं, मूळ कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असं तिथल्या कोर्टानं लिहिलं. अकरा घरांना भरपाई मिळाली. हेमांगीताई पेढे घेऊन आल्या आणि दारात आल्यावर त्यांनाच लाज वाटली, पुडा पिशवीतच राहिला. ज्या बाईनं मला पाणवठ्यावर बोल लावला होता, ती येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. आमच्या तालुक्याच्या कोर्टात मात्र नवनाथ अजून आरोपी आहे. फाईल मिटायला इथल्या अहवालाची वाट बघतायत, आणि तो अजून वरच आहे.

पण मी त्या दिवसाचं सांगत होते. टीव्ही बंद झाला तशी हेमांगीताईंनी मला मिठी मारली. "सारिका, झालं गं. जिंकलो आपण. आजींनी तर कमाल केली." त्यांचे डोळे वाहत होते. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं तर खुर्ची रिकामी.

आत्या खाली जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. रस्त्यावरनं गाड्या चालल्या होत्या, बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरांची गर्दी होती. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी घेतली नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. मला वाटलं, आता छाती पिटतील, हंबरडा फोडतील. त्या नुसत्या समोर बघत होत्या.

"सांगू नको म्हणला व्हता ना तुला?" त्या म्हणाल्या.

"हो आत्या."

"एवढी वर्सं ठेवलंस पोटात."

"हो."

"मग आज का गं सांगितलंस?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते. तीन वर्षं मी काय सोसलं ते सगळं त्यांच्या पदरात ओतलं असतं. पण त्या खरंच विचारत होत्या, एखाद्या लहान पोरीनं विचारावं तसं.

"त्याला फरारी म्हणत होते, आत्या," मी म्हटलं. "चूक करून पळाला म्हणत होते. तुमचा नवनाथ पळून जाणारा नव्हता. एवढं तरी जगाला कळायला नको?"

आत्यांनी माझा हात हातात घेतला. माझ्या हिरव्या बांगड्यांवरून त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"म्हणू दे की गं," त्या म्हणाल्या. "फरारी तर फरारी. जिता तर व्हता."